रिकाम्या घराचा टँकर

कुकरची शिट्टी झाली की ती केस मला आजही आठवते. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, रात्रीच्या धाडी झाल्या. पण पाहुणे जेवायला बसले आणि कुणी म्हणालं की साहेब, एखादी केस सांगा, तर माझ्या तोंडून बाहेर पडते ती एका रिकाम्या घराची आणि तुरीच्या डाळीची. कुणाचं नाव सांगणार नाही. त्या केसमधला एक जण सोडला तर बाकी सगळे सज्जन होते, आणि तो एकही आता सुधारला असावा अशी माझी समजूत आहे.

माझी नोकरी संपत आली होती. लातूरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. मी मूळचा बिलोलीकडचा, बायको लोह्याची, आणि आमचा सगळा संसार सरकारी क्वार्टरमध्ये झालेला. निवृत्त झालं की क्वार्टर खाली करावं लागतं. तेव्हा लातूरला घर घ्यायचं की नांदेडला, या विषयावर आमच्याकडे रोज तपास चाले. तपासी अंमलदार अर्थातच बायको होती.

आता घर घेणारे लोक एजंटाचा नकाशा बघतात. पोलिसाला वस्ती कळते ती तिथून येणाऱ्या तक्रारींवरून. लातूरचा ट्यूशनचा भाग घ्या. तिथं खोली रिकामी म्हणून राहत नाही, गावोगावची मुलं डॉक्टर व्हायला येतात, भाडं वेळेवर हातात पडतं. पण तक्रारी सतत मोटरसायकलींच्या आणि हरवलेल्या डब्यांच्या. औसा रोडच्या बाजूला घरं ऐसपैस, शांतता भरपूर. तिथून तक्रार येते ती शेजाऱ्याच्या कुत्र्याची, आणि तक्रार देणारा व जिच्याविरुद्ध दिली ती बाई असे दोघंही डॉक्टर निघतात. गंजगोलाईच्या आसपास घर मिळालं तर हिंग-जिऱ्यापासून सोन्यापर्यंत सगळं हाताशी, फक्त चारचाकी दारापर्यंत आणायचा नाद सोडायचा. बार्शी रोडच्या पलीकडे नवे लेआउट पडले आहेत. रस्ते रुंद, हवा मोकळी, आणि पाण्याचं विचारलं की एजंट आभाळाकडे बघतो.

नांदेडचा हिशेब निराळा. तरोड्याकडे वस्ती वाढते आहे, वजिराबादेत बाजार आणि स्टेशन पायाशी, सिडकोत जुनी माणसं एकमेकांच्या घरात न विचारता शिरतात, विष्णुपुरीकडे भाडेकरू मिळायची खात्री. पण तिथं गोदावरी आहे. सखल भागात घर दाखवलं तर आधी शेजारच्या भिंतीवर गाळाचा डाग किती उंच आहे ते बघावं. मी बायकोला म्हणायचो, लातुरात विचारायचं की घरात पाणी येतं का, आणि नांदेडात विचारायचं की घरात पाणी शिरतं का. ती म्हणायची, "तुम्ही निस्तं बोलूनच राहिलात. घर कवा घेणार?"

घर बघणाऱ्यांतही दोन जाती असतात, हे मला त्या दिवसांत कळलं. पैसे गुंतवायला आलेला माणूस बहुतेक वेळा गाडीतून उतरतच नाही. काच खाली करतो, रस्ता किती फुटी आहे विचारतो, भाडं किती येईल विचारतो आणि जातो. राहायला येणारा माणूस रिकाम्या घरातही चप्पल बाहेर काढून आत जातो. बायको त्याच्या पुढची. प्रत्येक घराच्या बोअरचं पाणी ती बाटलीत भरून घ्यायची आणि घरी आल्यावर त्या पाण्यात तुरीची डाळ लावायची. आमच्या भागातल्या बायकांना याचं कारण सांगावं लागत नाही. बोअरचं पाणी जड असलं की डाळ कितीही शिट्ट्या घेतल्या तरी दाण्याला दाणा वेगळा राहतो, वरण म्हणून खाली दाणे आणि वर पिवळं पाणी. त्या काळात मी इतकं कच्चं वरण खाल्लं की घर नको पण डाळ आवर, असं म्हणायची वेळ आली होती.

एका रविवारी एका एजंटानं बार्शी रोडच्या बाजूचं एक घर दाखवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओसरीसारखी फरशी घातलेली जागा आणि तिच्यात तुळशीची मोठी कुंडी. मालक पुण्याला नोकरीला, घर बरेच दिवस रिकामं. नळ होता, पण लातूरचा नळ आठ-दहा दिवसांनी येणार आणि पाहुण्यासारखा थोडा वेळ बसून जाणार, म्हणून गिऱ्हाईक विचारतं ते बोअरचंच. एजंटानं बटण दाबलं आणि बोअरच्या पाइपातून दोन इंची धार धडधडत बाहेर आली. ज्या गावानं रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, त्या गावात अशी धार बघितली की माणसाचं भान जातं. बायकोनं बाटली भरली. संध्याकाळी कुकरमधून डाळ निघाली ती लोण्यासारखी मऊ. हिनं तिथंच निकाल दिला, घर हेच घ्यायचं.

मी साध्या कपड्यांत गेलो होतो आणि पोलीस असल्याचं बोललो नव्हतो. पण पोलिसाचे केस आणि तपकिरी बूट कुठे लपतात?

दोन दिवसांनी सकाळची हजेरी आटोपून मी केबिनमध्ये बसलो होतो. हवालदारानं येऊन सांगितलं की एक कंडक्टरबाई आल्या आहेत, तक्रार काही नाही म्हणतात, पण साहेबांनाच भेटायचं आहे. आत आल्या त्या निलंगा डेपोच्या. खाकी साडी, खांद्याला बॅगेच्या पट्ट्याचा कायमचा वळ. खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. मी बसवलं, चहा मागवला, आणि मग त्यांनी एका दमात सांगितलं.

"साहेब, तुम्ही ते तुळशीवालं घर घिऊ नका. तुम्हाला दुसरं कुठंबी मिळंल. मला न्हाई मिळणार."

मी चाटच पडलो. त्यांनी त्या घराचा इसार दिला होता आणि शुक्रवारी रजिस्ट्री ठरली होती. आता एजंट भाव वाढवून मागत होता आणि सांगत होता की पोलीस साहेब स्वतः घर बघून गेलेत, बाईसाहेबांनी पाणीसुद्धा नेलंय, शुक्रवार चुकला तर घर त्यांना जाईल. माझ्या बुटांचा त्यानं असा उपयोग करून घेतला होता.

बाईंची गोष्ट साधी होती. नवरा लवकर गेलेला. मुलगी लातूरला शिकायला, म्हणून दोघी एका खोलीत भाड्यानं राहत होत्या. घरमालकीण वाईट नव्हती, पण पाण्याच्या बाबतीत कडक. बाई म्हणाल्या, "आमच्या बादल्या मोजती ती. पोरगी डोक्यावरून न्हायली की दुसऱ्या दिवशी मला बोल बसत्यात. मला बंगला नको साहेब. आपला नळ पायजे. आपण सोडायचा, आपण बंद करायचा."

मी त्यांना शब्द दिला की मी ते घर घेणार नाही. बाई इतक्या खूश झाल्या की जाताना मला सलाम ठोकून गेल्या, तोही कडक. घरी मात्र माझी बाजू लंगडी होती. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, बाईंबद्दल हळहळली, आणि मग म्हणाली की चांगलं पाणी असलेलं लातुरातलं एकच घर होतं, तेही तुम्ही वाटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात एक चाचा आले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, पिढ्यान्‌पिढ्या लातूरकर. त्यांची तक्रार ठाणे अंमलदारानं आधीच ऐकून घेतली होती आणि तो हसू दाबत होता. चाचा पहाटेच्या नमाजला स्कूटरवर निघत, तर गल्लीत पाण्याचा टँकर आडवा उभा. हॉर्न वाजवावा तर लोक झोपलेले, न वाजवावा तर नमाज चुकते. हा प्रकार त्यांच्याबरोबर चार-पाच वेळा झाला होता.

मी म्हटलं, चाचा, टँकर लातुरात कुठे येत नाही?

"येतो की साहेब. पन ज्याच्या घरी मान्सं हायेत त्याच्या घरी येतो. ह्या घराला कुलूप हाय. रिकाम्या घराला पानी कायकू लागतंय?"

घर कुठलं, विचारलं. तुळशीचं.

मी चहाचा कप खाली ठेवला. मग चाचांना एक प्रश्न विचारला, आणि तो ऐकून ठाणे अंमलदाराला वाटलं असावं की साहेबांना निवृत्तीचे वेध लागले. मी विचारलं की तुमच्या घरी डाळ कोणत्या पाण्यात शिजवतात. चाचा म्हणाले, जारचं पाणी विकत आणतो, कारण त्या सबंध गल्लीत एकाही बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि निम्मे बोअर तर उन्हाळ्याआधीच कोरडे पडतात. साबणाला फेस येत नाही तो वेगळाच.

बस्स. त्या घराचं पाणी वाईट असतं तर मला काही संशय आला नसता. ते चांगलं होतं, हाच त्याचा गुन्हा होता. गल्लीत सगळीकडे जड पाणी आणि मधल्या एकाच घरात गोड पाणी, असं जमिनीखाली होत नाही. आणि ज्या घरात इतकं पाणी, त्या घराची तुळस पार वाळलेली होती, हेही मला तेव्हा आठवलं. रविवारी ती माझ्या डोळ्यांसमोरच होती.

आता अडचण अशी की तक्रारदार कुणीच नव्हता. शुक्रवारी रजिस्ट्री झाली असती तर एजंटानं हात वर केले असते, बोअर आटला, देवाची करणी. मग मामला दिवाणी, आणि दिवाणी मामल्यात माणसाची मुलगी डॉक्टर होऊन तिची मुलं शाळेत जाऊ लागतात. म्हणून मी बाईंना बोलावून घेतलं आणि संशय सांगितला. आदल्या दिवशी त्याच खुर्चीवरून उड्या मारत गेलेल्या बाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग म्हणाल्या, "साहेब, तुमालाच तर नको हाय ना ते घर? खरं सांगा."

राग येण्यासारखा प्रश्न होता, पण मला आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच विचारलं असतं. मी म्हटलं, उद्या तुम्हीच या. तुमच्या डोळ्यांनी बघा. बोअर खरा निघाला तर शुक्रवारी साक्षीदार म्हणून सही करायला मी येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या घरी गेलो. मी गणवेशात, बरोबर हवालदार, पंच म्हणून चाचा आणि समोरच्या घरातले एक निवृत्त मास्तर. बाई सुट्टी टाकून आल्या होत्या. एजंट चावी घेऊन हजर होता. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, पायांत चकचकीत बूट, ते घालूनच तो सगळ्या घरात हिंडे. गणवेश बघून तो जरा चपापला, पण मोटर लावा म्हटल्यावर खुलला. धार आली. "बगा साहेब, दोन इंची," असं म्हणून तो बटणाकडे गेला.

मी म्हटलं, असू द्या चालू. आणि हवालदाराला खुर्ची आणायला सांगितली.

चौकशीच्या पुष्कळ पद्धती मी नोकरीत पाहिल्या. दरडावून विचारणारे असतात, गोड बोलणारे असतात. माझी पद्धत एकच, समोरच्याला काम नाही असं करून बसायचं आणि त्याला वेळ द्यायचा. खोटं बोलणाऱ्याला सगळं सोसतं, वेळ सोसत नाही. त्या दिवशी माझ्या वतीनं मोटर चौकशी करत होती.

थोड्या वेळानं एजंट म्हणाला की साहेब, पाणी वाया जातंय. ते खरंच होतं, आणि लातुरात पाणी वाया घालवणं मला शोभलं नसतं. मी चाचांना म्हटलं, गल्लीत सांगा, ज्याला हवं त्यानं भरून घ्यावं. मग काय विचारता. बादल्या आल्या, घागरी आल्या, प्लास्टिकचे पिंप आले. एका बाईनं लहान मुलाला तिथंच उभं करून आंघोळ घातली. मास्तरांच्या घरून गोधडी धुवायला आली. गल्लीत सणासारखी धांदल उडाली आणि प्रत्येक घागरीगणिक एजंटाचा चेहरा उतरत गेला. बाई मात्र त्या धारेकडे टक लावून बघत होत्या. धार थांबू नये म्हणून त्या मनातल्या मनात देवाला विनवत असाव्यात, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझा अंदाज चुकावा असं मलाही वाटत होतं.

मग पाइप खोकला. हवा आली, चूळ भरल्यासारखं थोडं पाणी आलं, पुन्हा हवा. धार थांबली.

"बोअरला दम घ्यावा लागतो साहेब," एजंट म्हणाला.

मी म्हटलं, घेऊ द्या की. आम्हालाही घाई नाही. चहा झाला. मोटर पुन्हा लावली, ती नुसती घुमली. एजंटाला घाम फुटला आणि त्यानं प्यायला पाणी मागितलं. चाचांनी घरातून पेला आणून दिला आणि म्हणाले, "प्या. जारचं हाय."

त्यावर सगळी गल्ली हसली. एजंटानं पेला रिकामा केला आणि खालच्या आवाजात तुळशीच्या कुंडीकडे बोट दाखवलं.

कुंडी हलवायची कुणी, हा मोठाच प्रश्न निघाला. एजंटानं हेच बरोबर हेरलं होतं. घर बघायला आलेला माणूस भिंत ठोकून बघेल, छत बघेल, पण तुळशीला हात लावणार नाही. उलट वाकून नमस्कार करील आणि बाजूनं जाईल. हवालदारानं तर हातच जोडले. चाचा म्हणाले की मी लावला हात तर साहेबांना उद्या बंदोबस्त लावावा लागंल. शेवटी बाई पुढे आल्या. चप्पल त्यांनी फाटकातच काढली होती. त्यांनी तुळशीला नमस्कार केला, कुंडीला मिठी मारून ती बाजूला सरकवली. खाली लोखंडी झाकण होतं. झाकण उघडलं तर फरशीखाली हौद. त्यात मोटर सोडलेली, आणि तिचा पाइप जमिनीखालून नेऊन बोअरच्या तोंडाशी जोडलेला. बोअर केव्हाचाच कोरडा होता.

बाई वाकून आत बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "केवढा मोठा हौद हाय हो हा." मग पायरीवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, कुठं सही करायची ते सांगा.

पंचनामा झाला, त्यांची फिर्याद घेतली, फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. ठाण्यात एजंटानं सगळं सरळ सांगितलं. मालकानं त्याला खरं ते सांगून ठेवलं होतं की बोअरला पाणी नाही, मला माझी ठरलेली रक्कम द्या, वर मिळेल ते तुमचं. गिऱ्हाइकं येत, घर आवडे, पाण्याचं विचारत आणि निघून जात. तेव्हा यानं ठरवलं की पाणीच दाखवावं. हौद त्यानं पदरमोड करून बांधला होता. मी विचारलं, अरे, निदान त्या गल्लीसारखं जड पाणी तरी आणायचंस. तो अपमान झाल्यासारखा म्हणाला, "गिऱ्हाइकाला दाखवायचं तर चांगलंच दाखवावं ना साहेब." या माणसानं जन्मात कधी वरण लावलं नव्हतं. लावलं असतं तर कदाचित सुटला असता.

बाईंचा इसार परत मिळाला. मालक जबाब द्यायला पुण्याहून आला, तेव्हा बाईही ठाण्यातच होत्या. त्यांनी त्याला ठाण्याच्या आवारातल्या लिंबाखाली गाठलं आणि विचारलं की बोअर नाही असं धरून घराचं काय घेता. मी खिडकीतून बघत होतो. सौदा करणं माझ्या हद्दीतलं काम नव्हतं, पण त्या काय साधताहेत ते मला कळलं आणि मी मनातल्या मनात त्यांना तो कडक सलाम परत केला. नळ आठ-दहा दिवसांनी येतो म्हणून तर लातूरचा माणूस रडतो. ज्याच्याकडे नळाचं पाणी पुढच्या पाळीपर्यंत पुरेल एवढा हौद आहे, त्याला बोअर हवा कशाला? गल्लीत तेवढा हौद दुसऱ्या कुणाकडे नव्हता. हवालदारानं मला विचारलं की साहेब, हौद मुद्देमालात जमा करायचा का. मी म्हटलं, कर, पण आधी तो उचलून ठाण्यात आण.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एजंटाला जे विकायचं होतं ते त्यानं लपवून ठेवलं, आणि जे नव्हतं ते दाखवत बसला. "बोअर कोरडा आहे, पण हौद बघा," एवढं एक वाक्य तो खरं बोलला असता तर घर त्याच आठवड्यात विकलं गेलं असतं. पुढे घराबाबत कुणीही सल्ला विचारला की मी सांगतो, एजंटानं काय दाखवलं ते बघाच, पण तो कशावर पाय देऊन उभा आहे तेही बघा. आणि बरोबर बाटली न्या.

आम्ही शेवटी नांदेडला घर घेतलं. बायकोनं निवडलं, उंचावरचं. डाळ शिजते.

बाईंच्या वास्तुशांतीला आम्ही मुद्दाम लातूरला गेलो. दाराशी मी तपकिरी बूट काढले. ओसरीत तीच कुंडी होती, झाकणापासून जरा बाजूला, आणि तुळस हिरवीगार. चाचा पंगतीत वाढायला उभे होते. वरण अप्रतिम झालं होतं. बायकोनं पाणी कुठलं ते विचारलंच, आणि बाईंनी अभिमानानं पायाखालच्या फरशीवर टाच आपटून दाखवली. त्या दिवशी नेमकी नळाची पाळी होती. मी हात धुवायला मोरीत गेलो तर बाई नळ सोडून त्याच्याखाली हात धरून उभ्या होत्या. धुवायचं काही नव्हतं. मला बघून त्यांनी घाईनं नळ बंद केला, मग हसल्या आणि पुन्हा थोडा सोडला.

"आता कोण मोजंना साहेब," त्या म्हणाल्या.